लग्नाचें पातेलें आणि रोजची आमटी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका प्रश्नानें रात्रीचें जेवण बरेंच लांबविलें. आमच्या थोरल्या वहिनींचा मुलगा अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं नोकरीस आहे. तो, त्याची पत्नी व दोन मुलें एवढेंच त्याचें बिऱ्हाड. त्यानें नवी गाडी घेण्याचें मनांत आणलें आणि आईच्या पसंतीकरितां छायाचित्र धाडलें. गाडी होती पिकअप. पुढें माणसांस बसावयास दोन ओळी, मागें उघडा हौदा, आणि उंची इतकी कीं शेजारीं उभी असलेली आमची सूनबाई तिच्यापुढें शाळकरी मुलीसारखी दिसावी. वहिनींनीं तें चित्र न्याहाळून पाहिलें व म्हणाल्या, “भाऊजी, मार्केट यार्डांत कांद्याचीं पोतीं वाहतात ती ही गाडी! हींत बसून हा कचेरींत जाणार? पेट्रोल तर तिकडेही मधून मधून भडकतें म्हणतात. मग अशा गाड्या करणारे वेडे म्हणावे, कीं घेणारे?”

वहिनींच्या प्रश्नाचा विचार करतां करतां आम्हांस असें दिसून आलें कीं, दोघेही वेडे नाहींत. करणाऱ्यांचा हिशेब तर अगदीं पक्का आहे. मात्र त्या हिशेबाच्या वहींत पेट्रोलचा खर्च लिहावयास रकानाच नाहीं. तो रकाना घेणाऱ्याच्या वहींत आहे. ही गोष्ट पोटांत शिरली म्हणजे पुष्कळ कोडीं सुटतात. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें हाच विषय ठेवीत आहों.

ही गाडी मुळांत खऱ्या गरजेंतून जन्मली. अमेरिकेंतील शेतकरी आपल्या फोर्ड मोटारीच्या मागल्या बाजूस लांकडी पेटी ठोकून तींतून धान्य व दुधाच्या बरण्या नेत असत. हें पाहून फोर्ड कंपनीनें 1925 सालीं हौद्यासह तयार गाडीच विकावयास काढली. किंमत होती 281 डॉलर. 1948 पासून त्याच कंपनीनें ‘एफ’ या अक्षराची मालिका सुरू केली, आणि 1977 पासून त्या देशांतील ट्रकांच्या विक्रींत तिनें पहिला क्रमांक सोडलेला नाहीं. पण या काळांत गाडी मात्र पार पालटली. दोन माणसांच्या बाकाच्या जागीं पांच माणसांची चामडी गादी आली, थंड हवा आली, गाणें आलें. आणि 281 डॉलरांच्या जागीं पन्नास-साठ हजार डॉलर मोजणें हें नवलाचें राहिलें नाहीं. शेतकऱ्याची गाडी संसारी माणसाच्या दारांत येऊन उभी राहिली.

ती तेथें आली याचें पहिलें कारण नफा. लहान मोटार जुळविण्यास जे कामगार व जितके तास लागतात, त्यांहून फार अधिक पिकअपला लागत नाहींत. लोखंड थोडें अधिक लागतें इतकेंच. पण गिऱ्हाइकाकडून मिळणारा भाव दुप्पटीपर्यंत जातो. शिवाय दणकट सांगाडा एकदां आंखून झाला कीं, त्याच सांगाड्यावर हौद्याची गाडीही बसवितां येते आणि सात-आठ माणसांची मोठी बंद गाडीही बसवितां येते. एकाच पिठाच्या पोळ्याही करावयाच्या आणि पुऱ्याही, असा हा प्रकार आहे. लहान मोटार विकून हातीं थोडेंसें उरतें. पिकअप विकून कंपनीचा संसार चालतो.

दुसरें कारण मोठें गमतीचें आहे. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत सांगण्यास थोडा संकोच वाटतो, पण त्याचें मूळ कोंबडींत आहे! 1962 च्या सुमारास युरोपांतील देशांनीं अमेरिकेंतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवर जबर जकात बसविली. त्याचा सूड म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनीं डिसेंबर 1963 मध्यें परदेशी ब्रँडी, बटाट्याचें पिष्ट व हलके ट्रक यांवर शेंकडा 25 जकात लावण्याचें फर्मान काढलें. कोंबड्यांचें भांडण केव्हांच विझलें. ट्रकांवरील जकात मात्र साठ वर्षांनंतरही उठलेली नाहीं. ती चुकविण्याकरितां एका जपानी कंपनीनें आपल्या लहान पिकअपच्या उघड्या हौद्यांत दोन खुर्च्या पक्क्या बसवून ‘ही प्रवासी मोटार आहे’ असें म्हणावयासही कमी केलें नाहीं. या जकातीमुळें लहान मोटारींच्या बाजारांत परदेशी मालाशीं जी झुंज करावी लागे, ती पिकअपच्या बाजारांत करावी लागली नाहीं. जेथें कुंपण आहे तेथें माळी अधिक झाडें लावणारच.

तिसरें कारण कायद्याचें. 1973 सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि अमेरिकेंत पंपापुढें मोटारींच्या रांगा लागल्या. त्यांतून 1975 चा कायदा झाला. त्या कायद्यानें प्रवासी मोटारींनीं 1985 पर्यंत एका गॅलनमागें, म्हणजे सुमारें पावणेचार लिटरमागें, सरासरीनें साडेसत्तावीस मैल चाललें पाहिजे असें ठरलें. पण ट्रक हें बापड्या शेतकऱ्याचें व सुताराचें साधन, म्हणून त्याला मोकळीक दिली गेली. तीस वर्षांनंतरही, 2004 सालीं, हलक्या ट्रकांकरितां हा आंकडा वीस-एकवीस मैलांच्या घरांतच होता. अधाशी मोटारींवर 1978 सालीं बसविलेला करही ट्रकांस लागला नाहीं. पुढें नियम बदलले आणि गाडीच्या चार चाकांमधील क्षेत्रफळावर अपेक्षा ठरूं लागली. म्हणजे गाडी जितकी पसरट, तितकी तिला सवलत मोठी. शेवटीं जुलै 2025 मध्यें झालेल्या कायद्यानें नियम मोडल्याबद्दलचा दंडच शून्यावर आणला. गरिबाच्या अवजाराकरितां उघडी ठेवलेली खिडकी. तींतून श्रीमंताची गाडी निघून गेली!

चौथें कारण काळाचें, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत घातक. पेट्रोलचा भाव आठवड्यांत बदलतो. कारखाना उभा राहावयास तीन-चार वर्षें लागतात. टोयोटा कंपनीनें टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथें पिकअपचा कारखाना काढण्याचें 2003 च्या आरंभीं जाहीर केलें, तेव्हां पेट्रोल गॅलनला पावणेदोन डॉलरांच्या आंत होतें. भिंती चढत असतांनाच 2005 चें कॅटरिना वादळ आलें आणि भावानें तीन डॉलरांची मर्यादा ओलांडली. तरी काम थांबलें नाहीं; अब्जाहून अधिक डॉलर जमिनींत पुरल्यावर तें थांबावें कसें? 2006 च्या नोव्हेंबरांत गाड्या बाहेर पडूं लागल्या. जुलै 2008 मध्यें भाव चार डॉलरांवर गेला, आणि ऑगस्टपासून तोच नवा कोरा कारखाना तीन महिने बंद ठेवावा लागला. त्या काळांत कंपनीनें कामगारांस घरीं न पाठवितां पगार चालू ठेवून शिक्षण दिलें, ही गोष्ट तिच्या जमेस धरली पाहिजे.

सर्वांच्याच नशिबीं असे मालक नव्हते. विस्कॉन्सिन प्रांतांत जेन्सव्हिल नांवाचें सुमारें साठ हजार वस्तीचें गांव आहे. तेथें 1919 पासून जनरल मोटर्सचा कारखाना होता. आजोबा, बाप व नातू एकाच दरवाजांतून कामावर गेले, अशीं घरें त्या गांवांत होतीं. या कारखान्यांत पिकअपच्याच सांगाड्यावरील मोठ्या बंद गाड्या होत. 3 जून 2008 रोजीं कंपनीनें मोठ्या गाड्यांचे चार कारखाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांत जेन्सव्हिल होतें. पुढें पेढ्या बुडाल्या, कर्ज मिळेनासें झालें, आणि गिऱ्हाईक मुळींच फिरकेना. 23 डिसेंबर रोजीं, त्यांच्या नाताळच्या सणाला दोन दिवस राहिले असतां, तेथील शेवटची मोठी गाडी बाहेर पडली. दैवाचा खेळ असा कीं, ज्या पेट्रोलच्या भावानें या संकटाला आरंभ झाला, तो त्या दिवशीं दोन डॉलरांच्याही खालीं आलेला होता! भाव उतरला, पण कारखाना पुन्हां उघडला नाहीं. 2009 सालीं जनरल मोटर्स व क्रायस्लर या दोन्ही कंपन्यांनीं दिवाळें जाहीर केलें. सरकारनें लोकांच्या करांतून त्यांस उभें केलें. गांवचीं माणसें मात्र रोज दूरदूरच्या गांवीं कामास जाऊं लागलीं.

या अनुभवानें कारखानदार शहाणे झाले काय? कांहीं अंशीं झाले, असें म्हणणें न्यायाचें होईल. फोर्डनें 2015 सालच्या पिकअपचें अंग लोखंडाऐवजीं अॅल्युमिनियमचें केलें व वजन सुमारें तीनशें किलोंपर्यंत उतरविलें. 2021 सालीं त्याच कंपनीनें एक लहान पिकअप काढली. तींत पेट्रोलच्या जोडीस विजेचें यंत्र होतें आणि किंमत वीस हजार डॉलरांच्या किंचित आंत होती. लोकांनीं ती इतकी उचलली कीं कंपनीला कांहीं काळ मागणी घेणें थांबवावें लागलें. म्हणजे साधी व काटकसरी वस्तु लोकांना नको असते असें नाहीं. ती त्यांच्यापुढें क्वचितच ठेवली जाते.

पण मोठा ओघ उलट्याच दिशेनें वाहिला. फोर्डनें 2018 सालींच एका नामांकित मोटारीखेरीज आपल्या बाकीच्या प्रवासी मोटारी अमेरिकेंत विकणें सोडण्याचें जाहीर केलें होतें. जून 2022 मध्यें, युक्रेनच्या युद्धानंतर, पेट्रोल पांच डॉलरांवर गेलें. ती आठवण ताजी असतांनाच, जुलै 2024 मध्यें, फोर्डनें कॅनडांतील ओकव्हिलचा कारखाना, जेथें विजेच्या गाड्या व्हावयाच्या होत्या, तेथें सर्वांत अवजड पिकअप करण्याचें ठरविलें. वर्षास एक लाखापर्यंत वाढीव गाड्यांची ही तजवीज होती. जून 2025 मध्यें जनरल मोटर्सनें मिशिगनमधील ओरायन येथें विजेच्या ट्रकांचा बेत सोडून 2027 पासून पेट्रोलच्या पिकअप व मोठ्या गाड्या करण्याचें जाहीर केलें. भाव चढला म्हणजे शहाणपण आठवावें आणि उतरला म्हणजे विसरावें, हा मनुष्यस्वभावच आहे. कारखानदार त्यावरच भिस्त ठेवितो.

आतां घेणाऱ्याची वही उघडूं. आमच्या पुतण्याची गाडी वर्षाला बारा हजार मैल चालेल असें धरूं. पिकअप गॅलनला वीस मैल देईल तर सहाशें गॅलन लागतील. चाळीस मैल देणारी लहान गाडी घेतल्यास तीनशें. भाव तीन डॉलर असेल तर वर्षाचा फरक नऊशें डॉलरांचा. भाव पांच झाला तर तोच फरक पंधराशें. दहा वर्षें गाडी ठेवली तर मुलाच्या शिक्षणांतील एक चांगला हप्ता धुरांत जातो. हा आंकडा विकणाऱ्याच्या किंमतपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत कधींच नसतो. भाव चढल्यावर ती अवजड गाडी विकावयास जावें, तर त्याच वेळीं सगळेच विकावयास निघालेले असतात; 2008 सालीं हेंच झालें.

सुतार, गवंडी, शेतकरी यांनीं पिकअप घ्यावी. ती त्यांची अन्नदात्री आहे. परंतु वर्षांतून दोनदां कपाट हलवावयाचें म्हणून जन्मभर हौदा ओढीत फिरणें हें निराळें. आपल्या घरांत लग्नाचें मोठें पितळी पातेलें असतें. तें असावेंच. पण मुंज-लग्न पार पडलें कीं आपण तें घांसून माळ्यावर चढवितों. त्यांत रोजची आमटी करीत नाहीं. कारण एवढ्या पातेल्याला लागणारें जळण आमटी किती आहे हें विचारीत नाहीं! आणि ज्या घरीं असें पातेलें नसतें, तें शेजारच्या घरून आणतें. त्यांत कमीपणा कोणी मानीत नाहीं.

हें सारें आम्हीं पुतण्यास सविस्तर लिहिलें, व शेवटीं विचारलें कीं, गेल्या दोन वर्षांत तुला हौद्याची गरज किती वेळां पडली? त्याचें उत्तर परवांच आलें. “काका, मोजून तीन वेळां. एकदां मित्राची गाडी आणली, दोनदां दुकानांतून तासाच्या भाड्यानें घेतली. तरी पण येथें सगळ्यांच्या दारांत तीच असते, म्हणून मन ओढतें.” त्यानें अजून कांहीं ठरविलेलें नाहीं, आणि निर्णय त्याचाच आहे. वहिनींनीं पत्र दोनदां वाचलें आणि म्हणाल्या, “खरें बोलला, तेवढें पुष्कळ झालें.”

वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे-मुली आज परदेशीं आहेत, आणि येथेंही दाराशीं उंच गाड्या उभ्या राहूं लागल्या आहेत. गाडी घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून दोनच गोष्टी कागदावर मांडाव्या: गेल्या वर्षीं आपणांस खरोखर काय लागलें, आणि पेट्रोल दीडपट झालें तर महिन्याला किती अधिक द्यावें लागेल. कारखानदार आपला हिशेब करूनच बाजारांत आलेला असतो. आपणही आपला करून जावें.