मुखाची कांति आणि सीनेचें पाणी

दिवाळीच्या पहाटे उटणें लावून स्नान करण्याचा परिपाठ आपल्याकडे आजही आहे. उटण्याची पूड वाहून गेली तरी कालांतरानें तिची मातीच होते. परंतु मळ घासून काढण्यासाठीं फेसवॉशांत व स्क्रबांत प्लास्टिकचे बारीक मणी घालण्याची जी चाल पडली, तिची गोष्ट निराळी आहे. पॉलिएथिलीनचे हे मणी विरघळत नाहींत, कुजतही नाहींत. पांच मिलिमीटरांहून लहान अशा कणांस सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. एका वेळच्या तोंड धुण्यांत असे सुमारें ४,६०० ते ९४,५०० मणी वाहून जाऊं शकतात, असा हिशेब इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं मांडला.

हे मणी जातात कोठें? आपली सीना भीमेस मिळते. मुळा-प्रवरेचें पाणी गोदावरींत जातें. आपल्या मोरींतून गेलेला कण खालच्या गांवच्या माशाच्या पोटांत सांपडला, तर त्याचा दोष कोणाचा?

अमेरिकेनें २०१५ सालीं कायद्यानें असे मणी बंद केले. भारतीय मानक ब्यूरोनें २०१७ सालीं ते प्रसाधनांत असुरक्षित ठरविले. तरीही २०२२ सालीं दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेनें बाजारांतील माल तपासला, तेव्हां कित्येक वस्तूंत प्लास्टिक आढळलेंच. म्हणून आमचें मत असें कीं, केवळ नियमावर विसंबून चालणार नाहीं. ग्राहकानें स्वतः डोळस झालें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, हें काम तुमच्या प्रयोगशाळेंत होण्याजोगें आहे. शिक्षकांच्या देखरेखीखालीं चमचाभर स्क्रब कोमट पाण्यांत कालवून गाळणकागदांतून गाळा. साखर वा मीठ असल्यास विरघळून जाईल. उरलेला गाळ पाण्यांत उकळा. वाळू तळाशीं बसते, मेणाचे मणी वितळतात, पॉलिएथिलीनचे मणी बहुधा तसेच तरंगत राहतात. मात्र एवढ्यावरून संशयच घेतां येतो. पक्का निर्णय अवरक्त किरणांच्या यंत्रानें होतो, कारण प्रत्येक जातीचें प्लास्टिक त्यांतील ठराविक किरणच शोषून घेतें.

पालकांसही एक विनंति आहे. वस्तु घेण्यापूर्वीं तिच्या पाठीवरील बारीक अक्षरें वाचावींत. आजीस इंग्रजी येत नसेल, तर नातीनें वाचून दाखवावें. ‘पॉलिएथिलीन’ हा शब्द दिसल्यास ती वस्तु दुकानांतच राहूं द्यावी. शाळेंत मिळालेली विद्या घरच्या न्हाणीघरापर्यंत पोहोंचली नाहीं, तर परीक्षेंतील गुणांचें मोल तें काय? चेहरा उजळावा, परंतु नदी मळवून नव्हे.