लेक नर्स होते म्हणाली, तर...

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचार सुरू होतो, पोरीला आता पुढे काय शिकवायचे? अशा वेळी लेक म्हणाली, "मी नर्सिंगला जाते," तर आजी कुरकुरते, "लोकांची घाण काढायला का शिकवायचं?" पण आजीबाई, सुनेला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही कोणाला बोलावणे धाडले होते? उपकेंद्रातल्या सिस्टरनाच ना!

या कामाला नाक मुरडण्याची खोड जुनीच आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि विधवा, गरजू बायकांना नर्सिंगकडे वळवले. तेव्हाही लोकांनी नावे ठेवलीच. पण त्या बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

आता कामाचे बोलू. नर्सिंगच्या मुख्य वाटा तीन. ए.एन.एम. दोन वर्षांचे, हे फक्त मुलींसाठी. गावोगाव लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायकांची तपासणी करणाऱ्या सिस्टर बहुधा हेच शिकलेल्या असतात. जी.एन.एम. तीन वर्षांचे, याला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते, मात्र इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह लागते. शेवटच्या दोन्ही वाटा मुलांनाही खुल्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खरा धोका पुढेच आहे. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा पाट्या लावून काही जण क्लास चालवतात. तिथे छापील सर्टिफिकेट मिळते, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही, तर ती नर्स नाही! सरकारी नर्सच्या जागेला अर्ज करता येत नाही आणि खाजगी दवाखान्यात मदतनिसाच्या पगारावर राबावे लागते. सोयाबीन विकून आलेला पैसा असा पाण्यात घालू नका.

म्हणून पैसे भरण्याआधी एवढे करा. संस्थेला कौन्सिलची मान्यता आहे का, हे संस्थेच्या माणसाला नव्हे, कौन्सिललाच विचारा. मुली प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकतात ते विचारून तिथे स्वतः जा. खाटा रिकाम्या दिसल्या, तर तिथे त्या शिकणार काय? वसतिगृहही डोळ्यांनी पाहा. सर्व वर्षांची फी लेखी घ्या आणि प्रत्येक रुपयाची पावती मागा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा व इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला आहे. तुमच्या प्रवेशाला तो लागू होतो का, याची चौकशी आधीच करा.

एक गोष्ट लेकीलाही मोकळेपणी सांगा. हे काम सोपे नाही. रात्रपाळी चुकत नाही, दिवाळीलाही वॉर्ड बंद नसतो. रक्त पाहावे लागते, मरण पाहावे लागते, आणि नातेवाइकांचा राग शांतपणे सोसावा लागतो. मायाळू स्वभाव हवाच, पण डोके थंड आणि हिशेब चोख हवा. औषधाचा डोस चुकला तर जिवाशी गाठ.

तेव्हा येत्या लसीकरणाच्या दिवशी लेकीला घेऊन तुमच्या गावच्या सिस्टरकडे जा. गर्दी ओसरली की दोघींना निवांत बोलू द्या. या कामातले सुख आणि दुःख त्यांच्याइतके खरे कोणी सांगणार नाही. त्यानंतरही लेक "जाते" म्हणाली, तर तिला अडवू नका.