पैसे घ्यायला पिन कशाला?
ग्वाल्हेरच्या हजिऱ्यात तानसेनाच्या मकबऱ्याच्या आसपास राहणारी मराठी घरंही आता जुना फ्रिज भंगारवाल्याला न देता ओएलएक्सवर टाकतात. तासाभरात फोन येतो: ‘मी फौजी, बदली झालीय, सांगाल त्या भावात घेतो.’ वस्तू न बघता, घासाघीस न करता घेणारं गिऱ्हाईक? इथेच पाल चुकचुकायला हवी. मग क्यूआर कोड येतो: ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ अहो, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही! ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हणणाऱ्याचा मेसेज सोडा, आपलं खातं तपासा. तरीही फसलात, तर लाजत बसू नका. ताबडतोब सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० फिरवा. पैसे पुढे सरकण्याआधी कळवलं, तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त.