आधी डुकराची पित्तनलिका, मग भामरागड

पित्तनलिकेत कर्करोगाची गाठ वाढली की पित्त तुंबते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके. एंडोस्कोपीतून स्टेंट घालून वाट मोकळी करतात, पण गाठ वाढत राहिली की तोही बुजतो. म्हणून नलिकेच्या आतूनच विजेने गाठ मारण्याची तंत्रे आली. रेडिओलहरी ऊतींना भाजून काढतात. दुसऱ्या तंत्रात अतिसूक्ष्म कालावधीचे विद्युत-स्पंद पेशींच्या पडद्याला छिद्रे पाडतात, नलिकेचा कोलॅजनचा सांगाडा मात्र बराचसा शाबूत राहतो.

यकृताची रोहिणी नलिकेला जवळजवळ खेटून असते. उष्णता जरा जास्त झाली की नलिका फुटण्याची, रक्तस्रावाची धास्ती. त्यामुळे माणसांआधी डुकरांवरील चाचणी आम्हाला तूर्त अटळ वाटते. आपल्याकडे 1998च्या नियमांनुसार मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांना केंद्रीय समितीची परवानगी लागते, हे योग्यच. पण निरोगी डुकराच्या नलिकेत गाठच नसते! तिथे इजा किती होते ते कळते. रुग्णाचे आयुष्य वाढेल का, ते नाही. ‘यशस्वी प्रयोगा’च्या बातम्या हे सोयीस्कर गाळतात.

शिवाय तंत्र सिद्ध झाले तरी रुग्ण तिथवर पोहोचायला हवा. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या काविळीच्या रुग्णाला या तंत्रांआधी वेळेवर सोनोग्राफी हवी. काविळीला खाज, घटते वजन आणि पांढुरके शौच यांची जोड असेल, तर झाडपाल्यात आठवडे न घालवता आशाताईंनी त्याला थेट जिल्हा रुग्णालयात धाडावे, आणि पुढे नागपूरला न्यायला रुग्णवाहिका सरकारने द्यावी.