नावेवरची मोजदाद

१९८७ साली भारतीय उपखंडात सुरू झालेली आणि पुढे आशियाभर रूढ झालेली जानेवारीतील पाणपक्षिगणना आता तोंडावर आली असून, चांगदेवाजवळ जेथे तापी-पूर्णेचा संगम होतो तेथून हतनूरच्या ४१ दरवाजांपर्यंत पसरलेल्या जलाशयावर मुक्ताईनगर व भुसावळ तालुक्यांतील आमचे गणक सालाबादप्रमाणे दुर्बीण आणि वही घेऊन उतरतील. त्यांपैकी जे काठावरून मोजतात त्यांच्याविषयी आम्हांस आज काही सांगावयाचे नाही. जे मच्छीमारांच्या नावेत बसून मोजतात, त्यांना मात्र घटकाभर समुद्रावर नेण्याचा आमचा विचार आहे.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांना सुशिक्षित लोक काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून आणि आपण ‘स्ट्रे फेदर्स’चे संपादक म्हणून ओळखतो, ते १८७५ साली ‘क्लाइड’ या सरकारी सर्वेक्षण-बोटीवरून लक्षद्वीपाकडे गेले. सफरीचे दप्तरी कारण दीपगृहांच्या जागा पाहणे हे होते. पण दीपगृहांचे निमित्त करून पक्षी पाहणाऱ्या या गृहस्थाची अडचण आपल्यासारखीच असली पाहिजे, ती अशी की, बोटही चालते आणि पक्षीही चालतो, तेव्हा समोर दिसले ते किती आणि पुन्हा दिसले ते किती, याचा जमाखर्च लागावा कसा? हिवाळ्यात अरबी समुद्रावर पाण्याला चिकटून जाणारे शिअरवॉटर, कुरवांच्या तोंडचा घास पळविणारे पॉमरीन स्कुआ आणि लाटांवर थव्याने तरंगणारे फॅलारोप यांची मोजदाद करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. उत्तर समुद्रावर काम करणाऱ्या संशोधकांनी त्याची जी सोडवणूक १९८४ मध्ये ‘द ऑक’ या नियतकालिकात मांडली, ती साधी आहे: बोटीच्या एकाच बाजूचा ३०० मीटरांचा पट्टा धरावा, दहा-दहा मिनिटांचे टप्पे पाडावेत, पाण्यावर बसलेले पक्षी सलग मोजावेत, उडणारे मात्र ठरावीक अंतराने, छायाचित्र टिपल्याप्रमाणे, त्या एका क्षणी पट्ट्यात असतील तेवढेच धरावेत, आणि बोटीच्या मागे लागलेल्यांना हिशेबातून वगळावे.

हतनूरला लाटा नाहीत, पण चूक तीच आहे. नाव पुढे सरकली की चक्रवाक, थापट्ये व तलवार बदके उठून फुगवट्याच्या पुढच्या वळणात जाऊन बसतात, आणि अर्ध्या तासाने आपण तेथे पोहोचलो की त्यांचीच दुसऱ्यांदा हजेरी लागते. आमच्या पहिल्या वर्षाच्या वहीत असे दोनदा जन्मलेले थवे आहेत, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. उडण्यापूर्वी पाण्यावर पावले आपटीत लांबवर धावणारा, मराठीने ज्याला वारकरी हे नाव दिले, तो पक्षी तर या घोटाळ्याचा मुख्य धनी होय. मुक्ताईच्या पालखीच्या गावी वारकऱ्यांची संख्या वाढवून सांगण्याची हौस समजण्यासारखी आहे. पण ती आषाढीपुरती ठेवावी.

कुरवांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तपकिरी डोक्याचा कुरव खानदेशच्या पाण्यावर उतरला तर ‘समुद्रपक्षी चुकून आला’ अशी टीप लिहिली जाते. वस्तुतः हा जन्मतो लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांवर, समुद्राचा व त्याचा संबंध बहुतांशी हिवाळ्यापुरता, आणि तापीसारखी नदी तर सुरतेपलीकडे खंबातच्या आखातालाच मिळते. तेव्हा त्याची वाट चुकली, हा निर्णय आपण कशाच्या बळावर द्यावा? शिवाय जानेवारीत त्याचे डोके तपकिरी नसते, कानामागे काळसर ठिपका तेवढा उरतो, आणि नावावरून पक्षी शोधणारा नवशिका तेथेच फसतो.

म्हणून यंदा गणकांनी फर्दीवर नाव कोठून निघाली, कोणत्या काठाने गेली, किती वाजता थांबली, कोणती बाजू मोजली आणि वारा-धुके कसे होते, हा तपशील पक्ष्यांच्या आकड्याआधी भरावा. बसलेल्या थव्यात नाव घालू नये. छायाचित्राच्या मोहाने तसे करणारा आमच्या मते गणक नव्हे, सहलकरी होय. ज्या टप्प्यात काहीच दिसले नाही तेथे रकाना मोकळा न सोडता शून्य लिहावे, आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत फर्द, ती शून्यांनीच भरलेली असली तरी, आमच्याकडे रवाना करावी.