हिरव्या खोडाचें झाड

१९९४ सालच्या पावसाळ्यांतील गोष्ट. एरंडोलास आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथील चित्रकलेचे शिक्षक रजेवर गेल्यामुळें तो तास आमच्या गळ्यांत पडला. संस्कृतच्या मास्तरानें चित्रकला काय शिकवावी! ‘आंब्याचें झाड काढा’ असें सांगून आम्ही वह्या तपासावयास बसलों. तास संपतां संपतां एका मुलाचें चित्र हातीं आलें. खोड हिरवेंगार आणि पानें तपकिरी! हा आमची थट्टा करतो, अशी आमची खात्री झाली व आम्हीं छडी उचलली. मुलगा रडला नाहीं. नुसता चित्राकडे पाहत राहिला.

पुढें बारा वर्षांनीं तोच मुलगा आमच्या ओसरीवर येऊन बसला. रेल्वेच्या इंजिनचालकाच्या नोकरीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. वैद्यकीय तपासणींत नापास. ठिपक्यांच्या पुस्तकांतील आंकडे त्याला दिसले नव्हते. आम्हीं विचारलें, “अरे, इतकीं वर्षें तुला कळलें कसें नाहीं?” तो म्हणाला, “गुरुजी, मला वाटे, रंग ओळखणें सगळ्यांनाच अवघड जातें. माझाच अभ्यास कमी पडतो.”

त्या उत्तरानें आम्हांस आमची छडी आठवली. मग या विषयाचें जें वाचन आम्हीं केलें, त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘रंगांध’ हा शब्दच मुळीं फसवा आहे. अशा माणसास जग काळेंपांढरें दिसतें असा समज होतो. तशीं माणसें फारच विरळा. डोळ्याच्या आंतील पडद्यावर रंग जाणणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात. एक जात प्रकाशाच्या लांब लहरींस, दुसरी मध्यम व तिसरी आंखूड लहरींस अधिक प्रतिसाद देते. आणि या तिघींच्या साक्षी ताडून मेंदू रंगाचा निवाडा करतो. पहिल्या दोहोंपैकीं एक जात नसली, किंवा तिचा कल दुसरीकडे झुकलेला असला, म्हणजे तांबडा, हिरवा, तपकिरी यांतील भेद पुसट होतो. निळा आणि पिवळा मात्र अशा माणसास चांगले उमगतात. दृष्टि तीक्ष्णच असते. उणीव असते ती भेदाची.

ही उणीव लपून राहते, याचें कारण भाषा. गवत हिरवें, रक्त तांबडें हें मूल वस्तूबरोबरच शिकतें. आमचा हा विद्यार्थी पीत, हरित, रक्त, कपिश हे शब्द बिनचूक म्हणे, वाक्यांतही योजी. शब्दाची परीक्षा आम्हीं शंभर वेळां घेतली. पण शब्दाच्या मागें त्याला काय दिसतें, हें एकदांही विचारलें नाहीं.

विलायतेंतील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन हा आमच्यासारखाच शाळामास्तर होता. दिवसा निळें दिसणारें फूल मेणबत्तीच्या उजेडांत त्याला तांबडें दिसूं लागलें. इतरांस तसा पालट दिसेना; दिसला तो त्याच्या सख्ख्या भावाला! १७९४ सालीं त्यानें मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें याविषयीं निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता, आणि मरणोत्तर डोळे तपासावे असें त्यानें सांगून ठेविलें होतें. १८४४ सालीं तपासले, तों द्रव स्वच्छ! जपून ठेविलेल्या त्याच डोळ्यांच्या अंशावरून १९९५ सालीं उलगडा झाला कीं, मध्यम लहरींची जातच त्याच्या ठायीं नव्हती. ठिपक्यांचें पुस्तक जपानच्या डॉक्टर इशिहारा यांचें, १९१७ सालचें. तें अद्याप चालू आहे.

आतां घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग. आमच्या विद्यार्थ्याची आजी म्हणाली, “आमच्या घराण्यांत असें कोणी झालें नाहीं.” बोलणें खरें होतें, पण गैरलागू. तांबड्या-हिरव्याचें हें बीज ज्या गुणसूत्रावर असतें, तें मुलाला आईकडूनच मिळतें. बापाकडून मुलाकडे तें जात नाहीं. मातामहाकडून कन्येकडे आणि कन्येकडून दौहित्राकडे, असा त्याचा प्रवास. गोत्र ज्या वाटेनें चालतें, त्या वाटेनें हें चालत नाहीं. कन्येजवळ अशीं गुणसूत्रें दोन असल्यामुळें एक चांगलें असलें कीं भागतें. तिला स्वतःला सहसा कांहीं जाणवत नाहीं, आणि तिच्या प्रत्येक मुलास तें मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून पुरुषांत हें अधिक. युरोपांत बारा पुरुषांमागें सुमारें एक, तर स्त्रियांत दोनशांमागें एक. यावरून सुनेच्या माहेरास बोल लावणें हा शुद्ध अडाणीपणा होय. मुलाच्या आईनें सारें ऐकून घेतलें व सावकाश म्हणाली, “आमचे आप्पा मिरचीच्या तोडणीला कधीं जात नसत. बायका हंसत; ते वजनकांट्यापाशीं बसत.”

जन्मजात रंगांधत्वावर अद्याप रूढ उपाय नाहीं. रंगीत कांचांचे चष्मे कांहींना भेद थोडा ठळक करून दाखवितात. नवी दृष्टि देत नाहींत. पण वेळीं कळलें तर वाट निवडतां येते. इंजिनचालकास सिग्नल ओळखतां आलाच पाहिजे, तेथें तक्रार करूं नये. परंतु रेल्वेंतच कचेरीच्या कांहीं कामांस रंगदृष्टीची अट नाहीं. जून २०२० पासून सौम्य व मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांस मोटार चालविण्याचा परवाना मिळूं शकतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें याच कारणानें प्रवेश नाकारलेल्या एका उमेदवाराचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि एप्रिल २०२२ मध्यें न्यायालयानें संस्थेचे सर्व अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्यांस खुले करावयास सांगितलें. जेथें धोका आहे तेथें अट, जेथें नाहीं तेथें मोकळीक, हा भेद आम्हांस न्याय्य वाटतो.

आमचा विद्यार्थी आज जळगांवांत हिशेबाचें काम करतो. गेल्या महिन्यांत त्याची बहीण आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. आम्हीं त्याला कागद आणि खडू दिले. झाडाचें खोड त्यानें हिरवें केलें. नेत्रवैद्याकडे नेण्याचा दिवस ठरेपर्यंत, खडूंच्या वेष्टनांवर रंगांचीं नांवें आम्हीं ठळक अक्षरांत लिहून दिलीं आहेत. वाचावयास तो नुकताच शिकला आहे.