अर्धशिशी आणि जेवणाची वेळ

श्रावण तोंडावर आला आहे. सोमवार, शनिवार, मधली संकष्टी, भाद्रपदात हरतालिका आणि मग नवरात्र. ‘पित्ताने डोके चढले’ ही तक्रार पुढचे काही महिने फॅमिली डॉक्टरांच्या कानावर वारंवार पडणार. अर्धे कपाळ ठणकते, उजेड सोसत नाही, उलटी झाली की जरा हलके वाटते. उलटीने आराम पडतो म्हणून दोष पोटाला दिला जातो आणि पेशंट आम्लपित्ताची गोळी घेऊन घरी जाते. यातल्या बऱ्याच जणींना खरे तर अर्धशिशी असते. मळमळ आणि उलटी हा त्या झटक्याचाच भाग. झटका आला की जठराचे काम मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली वेदनाशामक गोळीही नीट लागू पडत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत पाहणी केली, तेव्हा वर्षभरात अर्धशिशी होणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात निघाले.

निदान बरोबर झाले, तरी पुढे बहुधा पथ्याची यादी येते. चीज, चॉकलेट, केळे, संत्रे, टोमॅटो, शेंगदाणे, दही, आंबवलेले सगळे बंद. या यादीचे एक मूळ १९६७ मध्ये सापडते. एडा हॅनिंग्टन यांनी त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चीजसारख्या पदार्थांतील टायरामीन हे द्रव्य आणि डोकेदुखी यांच्या संबंधाचा प्राथमिक अहवाल लिहिला. नैराश्यावरची काही औषधे घेणाऱ्यांचा रक्तदाब चीज खाल्ल्यावर एकदम चढतो आणि डोके भयंकर दुखते, हे तेव्हा नुकतेच कळले होते. त्यामुळे हा विचार पटण्यासारखा होता. पण नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. यादी मात्र फोटोकॉपी होत राहिली.

चॉकलेटचे उदाहरण बोलके आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात जुनाट डोकेदुखी असलेल्या ६३ स्त्रियांना चॉकलेट आणि तशाच चवीचे कॅरोब देऊन पाहिले गेले. कोणते काय, हे कोणालाच माहीत नव्हते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की चॉकलेटने कॅरोबपेक्षा जास्त डोकेदुखी झाली नाही. मग इतक्या जणी चॉकलेटकडे बोट का दाखवतात? झटक्याच्या आधी काही तास, कधी दोन दिवसही, पूर्वलक्षणे सुरू असतात. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि गोडाची तीव्र इच्छा होते. म्हणजे चॉकलेट खाल्ले जाते तेव्हा झटका कदाचित सुरू झालेलाच असतो. डॉक्टरांनी ‘काय खाल्ले होते?’ यासोबत ‘आदल्या दिवशी जांभया येत होत्या का?’ हेही विचारायला हवे.

जेवण चुकण्याचा पुरावा याहून ठोस आहे. ज्यूंच्या योम किप्पूरच्या कडकडीत उपवासात इस्रायलमधील रुग्णालय कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी ७ टक्के. आधीपासून डोकेदुखीचा त्रास असणाऱ्यांना ते जास्त भोवले.

श्रावणी सोमवारचा एखादा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे साडेपाचला उठणे, डबे, दोन कप चहा, लोकल. दुपारी फक्त पाणी, तेही कमीच. चार वाजता डोळ्याच्या मागे ठणका सुरू होतो. संध्याकाळी उपवास सोडायला ताट समोर येते तेव्हा घास घशाखाली उतरत नाही. हिला उपवास सोडून दे, असे सांगणे बहुधा वाया जाते. दर तीन-चार तासांनी थोडे खा, एवढे मात्र ती ऐकेल: राजगिऱ्याचा लाडू, केळे, मूठभर शेंगदाणे, ताक. आणि नेमके इथेच ती फोटोकॉपी आड येते, कारण यातले निम्मे त्या यादीत बंद आहे. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया ॲनिमियाग्रस्त असताना त्यांच्या ताटातून आणखी चार पदार्थ पुराव्याविना काढून घेणे योग्य नाही.

चहा-कॉफीचेही तसेच. रोज २०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक थांबवले, तर २४ तासांत डोके धरते. त्यामुळे ‘चहा बंद’पेक्षा ‘रोज तेवढाच, त्याच वेळी’ हा सल्ला बरा; कमी करायचाच असेल तर हळूहळू.

आहार बदलून खरोखर फरक पडतो का? २०२१ च्या एका अमेरिकी चाचणीत १८२ जणांना १६ आठवडे वेगवेगळे आहार दिले. मासळीतील ओमेगा-३ वाढवून तेलातील लिनोलेइक आम्ल कमी केलेल्या गटात नेहमीच्या आहाराच्या तुलनेत महिन्याला सुमारे ४ दिवस डोकेदुखी कमी झाली. आयुष्यावरच्या परिणामाच्या मोजमापात मात्र ठाम फरक दिसला नाही. बांगडा, तारली खाणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही. जवसाच्या चटणीतील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे आहे, तेव्हा शाकाहारी पेशंटला तेच आश्वासन देता येत नाही.

एखाद्या पदार्थावर पेशंटचा ठाम संशय असेल, तर तो एकच पदार्थ महिनाभर थांबवून पुन्हा सुरू करून पाहावा. सोबत साधी वही: जेवणाची वेळ, झोप, पाळीची तारीख, झटका, आणि घेतलेली प्रत्येक गोळी. गोळ्यांचा रकाना सर्वांत आधी वाचावा. संयुक्त वेदनाशामके महिन्यातून १० किंवा अधिक दिवस असे काही महिने चालली, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. बाजारातल्या अशा कित्येक गोळ्यांत कॅफीनही असते. त्या पेशंटला पथ्यात अडकवून ठेवण्याऐवजी त्याच भेटीत प्रतिबंधक औषध सुरू करण्याचा विचार व्हावा.